आपल्या वाट्याचं बाकडं

बाबा, आपलं बाकडं काल रोह्याला माझ्या घरी आलं. पेणहून टेंपोत आलं, कोणाच्या तरी लोखंडी कपाटाबरोबर. देवळात आता प्लास्टिकच्या खुर्च्या येणार आहेत. नव्या पाळकांनी मागच्या रविवारी उपासना संपल्यावर विचारलं की ज्या घरांची बाकडी आहेत त्यांना ती हवी असतील तर घेऊन जा, नाहीतर सुताराला देऊन टाकू. मी हात वर केला. मंडळीत मी कशासाठी हात वर करत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे पुढच्या दोघी वळून बघायला लागल्या. टेंपोवाल्याने बाकडं पडवीत ठेवलं, वरून हात फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, जुनं सागवान हाय. इकायचं झालं तर माझा नंबर ठेवा." मी नको म्हटलं, त्याला पाणी दिलं आणि तो गेल्यावर बाकड्यावर बसले. एकटीने बसायला ते फार लांब आहे.

पाळक तरुण आहेत, चांगले आहेत. बाकडं टेंपोत चढवताना मला म्हणाले, "ताई, ही बाकडी तुम्ही लोक रस्त्याने उचलून नेत होतात म्हणे. नक्की काय झालं होतं?" मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. सरकारी कचेरीने देवळाला कुलूप लावलं होतं, मग ते परत मिळालं. त्यांनी मान हलवली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मंडळीतल्या निम्म्या लोकांनी तुम्हाला पाहिलेलंही नाही, आणि मला त्या दोन वाक्यांच्या पुढे जाता येईना. घरी येऊन वाटलं, जे त्यांना सांगता आलं नाही ते तुम्हालाच लिहावं. तुम्हाला सगळं माहीतच आहे, म्हणजे चुकलं तरी चालेल.

आपल्याकडे नाताळाच्या आधी देवळाला चुना लावायची पद्धत होती. देऊळच म्हणायचो आपण, चर्च हा शब्द बाहेरच्यांशी बोलताना. डिसेंबर लागला की सगळी बाकडी बाहेर निघायची आणि ज्याची त्याच्या घरी जायची. प्रत्येक घराचं एक बाकडं ठरलेलं होतं. घरी नेऊन ते घासायचं, अळशीचं तेल पाजायचं, उन्हात ठेवायचं आणि नाताळच्या आदल्या दिवशी परत आणायचं. व्यासपीठ, पेटी, चटया, घड्याळ, सगळंच कोणाच्या ना कोणाच्या घरी जायचं, कारण गुरुजींना कशावर चुन्याचा एक शिंतोडा खपायचा नाही. गुरुजी म्हणजे मंडळीतले सगळ्यांत वडीलधारे, निवृत्त हेडमास्तर. ते खुर्ची टाकून अंगणात बसायचे आणि भिंतीकडे बघून शाळेतल्या पोरांना सांगावं तसं सांगायचे, "कोपरा राहिला. तो कोपरा कोणाचा?" आई होती तेव्हा ती आणि मी बाकड्याला तेल लावायचो. आई गेल्यावर तुम्ही आणि मी लावायला लागलो. दादा नोकरीसाठी बाहेर गेला होता. घरात दोघंच होतो, आणि दोघंही कमी बोलणारे.

तुमच्या कमी बोलण्याची मला लहानपणी गंमत वाटायची. एसटी स्टँडवर तुम्ही कंट्रोलर. दिवसभर माइकवरून तुमचा आवाज पेणभर जायचा, रोहा गाडी फलाटाला लागली आहे, खांबला जाणाऱ्यांनी याच गाडीत बसावं. घरी आलात की तो आवाज स्टँडवरच ठेवून आल्यासारखे असायचात. मी रोह्याच्या कंपनीत लॅबमध्ये लागले तेव्हा माझी गाडी तुम्हीच पुकारायचात. मी खिडकीशी बसलेली असायचे आणि तुम्ही माझ्याकडे न बघता सांगायचात की गाडी सुटत आहे. एवढाच आपला निरोप असायचा.

त्या वर्षी माझी दुपारची शिफ्ट होती, म्हणून सकाळी फरशी घासायला मी देवळात होते. चुन्याचा दुसरा हात चालला होता. बादल्या दारातच होत्या. कचेरीतून एक साहेब आले, बरोबर शिपाई. जागा मिशनच्या काळात सरकारकडून शाळेसाठी आणि उपासनेसाठी मिळालेली होती, शाळा केव्हाच बंद पडली होती, आणि बाजारातल्या इतक्या मोक्याच्या जागेवर आता दुकानांची इमारत व्हावी असं कोणाच्या तरी मनात होतं. हे सगळं आपल्याला नंतर कळलं. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले की स्थळपाहणी आहे. आत येऊन चारी बाजूंना पाहिलं, लिहिलं आणि वाचून दाखवलं. आत कोणतंही सामान नाही. बसण्याची व्यवस्था नाही. पाहणीच्या वेळी उपासना चालू नव्हती. गुरुजींचा चष्मा घरी राहिला होता. ते तुम्हाला म्हणाले, "जे आहे तेच लिहिलंय ना रे?" तुम्ही कागद परत एकदा वाचलात आणि म्हणालात, "व्हय. जे आहे तेच आहे." आणि खाली सही केलीत. मग साहेबांसाठी चहा मागवलात. त्यांनी चहा पिऊन कप खिडकीत ठेवला तो मी उचलला, बशीला चुना लागला होता.

थोड्याच दिवसांत दाराला कुलूप लागलं. कुलपावर लाखेचं सील, दारावर कागद. इमारत वापरात नसल्याचं पाहणीत दिसून आल्यामुळे जागा सरकारजमा करण्यात येत आहे, असं त्यावर होतं. ज्या पाहणीवरून ते ठरलं तिच्यावर तुमची सही होती. मंडळीत कोणी तुम्हाला एका शब्दाने बोललं नाही. गुरुजी उलट म्हणाले की मी चष्मा आणला असता तर मीही तीच सही केली असती. पण तुम्ही त्या दिवशी कामावरून आलात, हात-पाय धुतलेत आणि बाकड्याला तेल लावायला बसलात. ते आदल्याच आठवड्यात लावून झालं होतं. भात झाल्यावर हाक मारली तरी तुम्ही लगेच उठला नाहीत.

वकील पाहिला, प्रांताकडे अपील केलं. वकील म्हणाले, निकाल लागेपर्यंत कुलूप राहणार, आणि या मुदतीत जागा सोडून दिलीत असं दिसलं तर मग अवघड आहे. नाताळ तोंडावर आलेला. गुरुजींच्या घरी सगळे जमले. गुरुजींच्या ओळखीचं एक मंगल कार्यालय होतं. ते म्हणाले, "मालक आपला विद्यार्थी आहे. पंखे-खुर्च्यांसकट देतो म्हणतोय. निकाल लागेपर्यंत तिथे बसू." सगळ्यांना बरं वाटलं. तेव्हाच्या पाळकांनाही वाटलं. ते सकाळची रोह्याची उपासना उरकून गाडीने पेणला यायचे, म्हणून आपली उपासना दुपारी चारची असायची, आणि दुपारी उघड्यावर बसणं म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. म्हणालात, "हॉलमध्ये गेलो तर मग ते खरंच रिकामं झालं."

मग गुरुजी म्हणाले, "मग बसायचं कुठे? जमिनीवर? माझे गुडघे बघ."

"बाकडी हायेत ना," तुम्ही म्हणालात. "प्रत्येकाच्या घरी आहे. आपापलं आणायचं, अंगणात मांडायचं, झालं की घेऊन जायचं."

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

गुरुजी तुम्हाला म्हणाले, "एसटीत राहून तुझं डोकं टाइमटेबलसारखं झालंय." पण त्यांचंच बाकडं पहिलं आलं, दोन नातवांच्या खांद्यावर. स्वतः ते पुढे काठी टेकत चालत होते.

बाबा, आपलं घर स्टँडच्या मागे आणि देऊळ बाजाराच्या पलीकडच्या टोकाला. मधे मूर्तींच्या कारखान्यांची गल्ली. पुढचं टोक तुम्ही धरायचात, मागचं मी. त्यामुळे मला सबंध रस्ता तुमची पाठ दिसायची, पांढरा सदरा आणि घामाने त्यावर उमटत जाणारा डाग. वळण आलं की तुम्ही आधी सांगायचात, स्टँडवर सांगावं तसं, "डावीकडे." खड्डा असेल तर "खड्डा." आणि एकदा बाजाराच्या अलीकडे, एकदा गल्लीच्या तोंडाशी, मागे न बघता विचारायचात, "दमलीस?"

"नाही," मी म्हणायचे.

नाक्यावर खाडीकडच्या गावातली एक मावशी सुकी मासळी घेऊन बसायची. पहिल्या रविवारी तिने आपल्याला पाहिलं आणि सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असं विचारलं, "काय गो बाय, लगीन कोनाचं? पाटाच्या जागी बाकडं चाललंय ते?" दुसऱ्या रविवारी म्हणाली, "आजपन? नवरा पसंत नाय पडला काय गो?" मी लाजून मान खाली घातली, तर तुम्ही थांबलात आणि तिला म्हणालात, "मावशी, देऊळ बंद केलंय कचेरीने. म्हणून बाहेर बसतो." ती म्हणाली, "मंग कुलूप तोडा नी बसा आत. एवढी मानसं तुमी." तुम्ही म्हणालात, "नाय तोडायचं." तिने बोंबील पाखडता पाखडता तोंड वाकडं केलं. "मंग वाहा बाकडी." त्यानंतर आपण आलो की ती टोपली पाय लावून मागे सरकवायची आणि तरी दर वेळी म्हणायची की ठोकर लागली.

कासूचं एक कुटुंब आगगाडीने यायचं. त्यांनी दर रविवारी गाडीतून बाकडं कसं आणायचं, हा प्रश्न होता. तो गल्लीतल्या एका मूर्तिकारांनी सोडवला. तुमची त्यांच्याशी ओळख म्हणजे त्यांच्या मूर्तींच्या पेट्या एसटीच्या टपावर नीट चढतात की नाही एवढं तुम्ही बघायचात. ते म्हणाले, "माझ्या कारखान्यात ठेवा. गणपतीला काय अडचण नाय त्याची." मग कासूवाल्यांचं बाकडं आठवडाभर न रंगवलेल्या मूर्तींच्या रांगेत उभं असायचं. एका रविवारी ते घ्यायला गेलो तर त्यावर ओल्या मूर्ती वाळत ठेवलेल्या. मूर्तिकार ओशाळले. कारागिरांना ओरडले. मूर्ती उचलल्यावर फळीवर शाडूच्या मातीचे पांढरे गोल राहिले, ते काही पुसले जाईनात. कासूच्या काकू म्हणाल्या, "राहू द्या. आम्हाला कुठं बसायचं ते तरी कळेल." आणि खरंच, त्या आणि त्यांचे यजमान एकेका गोलावर बसले.

एक दिवस हवालदार आला. उपासना अर्धी झाली होती. त्याने सांगितलं की इथे जमायचं नाही असा निरोप आहे. पाळक थांबले. तुम्ही उठून त्याच्याकडे गेलात आणि हळू आवाजात म्हणालात, "कुलूप दाराला आहे. आम्ही दाराला हात लावला नाय. गाणं होऊ द्या, मग बोलू." तो म्हणाला, "किती वेळ हाय गाणं?" तुम्ही म्हणालात, "पाच कडवी." तो आपल्या बाकड्याच्या टोकाला, माझ्या शेजारी, टोपी मांडीवर घेऊन बसला. गाणं झाल्यावर उठला, तुम्हाला म्हणाला की आलो होतो एवढं सांगतो, आणि गेला.

तुम्ही मला मोठेपणी एकदाच रागावलात, ते याच दिवसांत. गुढीपाडव्याच्या सुमाराची गोष्ट. ऊन तापलेलं, मी रात्रपाळी करून आलेले. बाकडं उचलून निम्म्या वाटेवर मी म्हटलं, "त्या साहेबाने मुद्दाम चुन्याचाच दिवस निवडला असणार." तुम्ही थांबलात. भर रस्त्यात बाकडं खाली ठेवलंत आणि पहिल्यांदाच मागे वळलात.

"तू पाहिलंस?"

"काय?"

"त्याने निवडला ते. पाहिलंस?"

"नाही."

"मग उचल."

एवढंच. मी उचललं. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. त्या दिवशी मला तुमचा राग आला, कारण मी तुमचीच बाजू घेत होते. पुढे लॅबमध्ये किती वेळा ते वाक्य मला उपयोगी पडलं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. नमुना बिघडला की खालच्या माणसावर ढकलायची आमच्याकडे सवय होती. मी विचारायचे, तुम्ही पाहिलंत का. लोकांना ते आवडायचं नाही. पण आपली नोकरी त्यामुळे टिकली अशी दोन-तीन माणसं अजून रोह्याच्या बाजारात मला थांबवून घरचं विचारतात. त्यांना वाटतं तो माझा स्वभाव आहे.

पावसाच्या आधी प्रांतबाई स्वतः आल्या. नवीनच बदलून आलेल्या होत्या. मधलाच वार, अगोदर निरोप नाही. तुम्हाला स्टँडवरून बोलावून घेतलं, गुरुजींना घरून, आणि मी सुट्टीवर होते म्हणून तुमच्या मागोमाग आले. बाईंनी सील काढायला लावलं. आत पारव्यांची घाण आणि बंद चुन्याचा वास. त्यांनी तो कागद काढला.

"ही सही तुमची?"

"माझीच."

"म्हणजे या दिवशी इमारत रिकामी होती."

"होती."

"मग आता अपिलात म्हणता की वापर कधीच थांबला नाही. दोन्हींतलं खरं काय?"

गुरुजी बोलायला पुढे झाले, बाईंनी त्यांना हाताने थांबवलं. तुम्ही म्हणालात, "दोन्ही. चुना चालला होता. चुना लावताना आम्ही सगळं घरी नेतो."

"हे त्यांना सांगितलं का नाही?"

तुम्ही दाराकडे पाहिलंत. मला वाटलं आता सगळं गेलं. मग म्हणालात, "त्यांनी विचारलं नाय. आणि बादल्या दारातच होत्या, बाई. चुन्याचा वास येत होता. मला वाटलं, त्यांनाही आला असेल."

बाई हसल्या नाहीत, पण कागद त्यांनी घडी करून ठेवला. सामान कुठे आहे म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, घरोघरी. "चला, दाखवा." आणि आपण त्याच रस्त्याने उलटे निघालो. मूर्तिकारांच्या कारखान्यात कासूवाल्यांचं बाकडं मूर्तींच्या मधोमध उभं होतं. बाईंनी ते पांढरे गोल पाहिले आणि हे काय म्हणून विचारलं. मूर्तिकारांनी खरं ते सांगितलं, वर म्हणाले, "बाई, दर रविवारी हे लोक ते इथून नेतात आणि दिवस बुडायच्या आत परत आणून उभं करतात. मला आता त्याच्याशिवाय कारखाना मोकळा वाटतो." नाक्यावर बाईंनी आपणहून मासळीवाल्या मावशीला विचारलं की या लोकांना ओळखतेस का.

"वळखतंव? माज्या टोपलीला दर ऐतवारी ठोकर मारून जातात. विचारा त्या पोरीला. कुलूप तोडा सांगितलं तर आयकत नाय. तुमी तरी काढा आता. माजे बोंबील मोडतात."

गुरुजींनी दुसरीकडे तोंड केलं. बाईंनी कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं. मावशीने अंगठा दिला आणि बोट पुसायला तुमच्याकडे रुमाल मागितला.

निकाल पावसात आला. जागा मंडळीकडेच राहिली. किल्ली गुरुजींच्या हातात दिली, ती त्यांनी तुमच्या हातात दिली. त्या दिवशी सगळी बाकडी भर पावसात एकाच वेळी निघाली, गोणपाटं पांघरून, आणि मावशीने टोपली उचलून डोक्यावर घेतली, रस्ता मोकळा केला. तुम्ही कुलूप काढलंत. आत गेल्यावर सगळे गाऊ लागले आणि तुम्ही झाडू शोधत होतात.

त्यानंतर काही वर्षांनी तुम्हाला त्याच दारातून नेलं. मूर्तिकार आले होते, कारखाना बंद ठेवून. मावशी बाहेर फाटकापाशी उभी होती. मला म्हणाली, "तुजा बा कंदी खोटा नाय बोलला गो. तरी जितला." मी तिला मिठी मारायला हवी होती. नुसती मान हलवली. मीही तुमचीच.

बाबा, काल बाकडं तेल लावायला उलटं केलं. माझ्या टोकाला, खालच्या बाजूला, चार बारीक लोखंडी चुका ठोकलेल्या आहेत, गंजलेल्या, आणि एकीला खाकी कापडाचा दोरा अजून अडकलेला आहे. तेव्हा आठवलं. पाडव्याच्या त्या रविवारनंतरच्या रविवारी मी बाकडं उचलायला वाकले तर धरायच्या जागी तुमच्या जुन्या युनिफॉर्मच्या कापडाची जाड पट्टी गुंडाळलेली होती. फळीची धार हाताला लागत नव्हती. तुम्ही काही बोलला नाहीत, मीही बोलले नाही. दोन्ही टोकांना लावली असेल असं मी धरून चालले होते. मला तर फक्त तुमची पाठ दिसायची. काल दुसरं टोक बघितलं. तिथे एकही चूक नाही, चुकेचं भोकही नाही. तिथली धार नुसती बोटांनी गुळगुळीत झालेली आहे.

मी दोन्ही टोकांना तेल लावलं. तुमच्या टोकाला जरा जास्त लागलं. चुका काढल्या नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, बाकड्यावर बसून लिहिलं, तिथेच घडी करून ठेवीन. पाळकांना पुढच्या रविवारी थोडं जास्त सांगायचा प्रयत्न करीन, निदान चुन्याच्या वासाचं तरी. एक मात्र त्यांना सांगणार नाही. तुम्ही दर वेळी विचारायचात, दमलीस, आणि मी दर वेळी नाही म्हणायचे. दमायचे मी, बाबा. बाजार यायच्या आधीच हात भरून यायचे. पण हो म्हटलं असतं तर तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी ते टोक धरायला बोलावलं असतं.